सर्व्हरची खंडेनवमी

"चालू तलवारीची पूजा करतात का कोणी?" हुपरीकर साहेबांनी विचारलं.

तलवार चालू किंवा बंद असू शकते हे मला नवीन होतं. पण साहेब उपकुलसचिव होते आणि मी प्रोग्रॅमर. मी म्हणालो, "नाही करत."

"मग? म्यानात घालायची, पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी शस्त्राला विश्रांती. हे तुमचं धूड वर्षभर घोंघावतंय बिचारं. बंद करा."

धूड म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा सर्व्हर. युनिक्सवर चालणारा, कपाटाएवढा, एसी खोलीत एकटाच राहणारा. आम्ही सगळे उकाड्यात बसून त्याच्याकडे काचेतून बघायचो. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, म्हणून त्या खोलीला सगळे देवघर म्हणायचे. जिल्ह्यातल्या यच्चयावत कॉलेजांतल्या पोरांचे गुण त्याच्या पोटात होते.

"साहेब, सातभाई मॅडम रजेवर आहेत," मी म्हणालो.

"पूजा मी करणार आहे, गुळवणी. त्यांची काय गरज?"

विद्या सातभाई आमच्या सिस्टिम ॲनालिस्ट. पंचेचाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, कॉटनच्या साडीवर बारा महिने स्वेटर घालणाऱ्या. तो एसी खोलीसाठी होता, पण अंगावर कायमचाच बसला होता. त्या काळात भारनियमन जोरात होतं. लाईट गेली की यूपीएस थोडा वेळ दम धरायचा, मग सर्व्हर मान टाकायचा. लाईट आली की मशीन उठायचं, पण डेटाबेस उठायचा नाही. मग आरोळी व्हायची, "मॅडमना बोलवा!" मॅडम जिथे असतील तिथून यायच्या. अर्ध्या जेवणावरून, भाजीबाजारातून, एकदा तर कोणाच्या तरी लग्नातून, केसांत अक्षता घेऊन. चपला काढायच्या, आत जायच्या, कीबोर्डवर काहीतरी करायच्या. डेटाबेस उठायचा. काय करायच्या हे कोणी विचारलं नव्हतं. गुरुजी कोणता मंत्र म्हणतात हे आपण कुठे विचारतो?

नवरात्रात त्या आयुष्यात पहिल्यांदा लांबलचक रजा टाकून वाईला बहिणीकडे गेल्या होत्या. जाण्याआधी साहेबांशी त्यांची मोठी खडाजंगी झाली होती. त्यांच्या वरची जागा भरली गेली होती आणि ती बाहेरच्या माणसाला मिळाली होती.

मी सर्व्हर रीतसर बंद केला. साहेबांनी त्याला झेंडूची माळ घातली, पडद्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. दसऱ्याची सुट्टी झाली. सुट्टीनंतर मशीन चालू केलं, आणि डेटाबेस नेहमीप्रमाणे उठला नाही.

मी वाईला फोन लावला. कोणी उचलला नाही. साहेबांनी सर्व्हरच्या कंपनीचा माणूस बोलावला. तो टाय लावून आला, आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "फाइल्सच नाहीत."

"कुठल्या फाइल्स?"

"डेटाच्या. डिरेक्टरी आहे, पण आत काही नाही. साफ."

साहेब खाली बसले. थोड्या वेळाने उठले तेव्हा त्यांचा तपास पूर्ण झाला होता. "मशीन बिघडलं असतं तर सगळं बिघडलं असतं," ते म्हणाले. "इथे सगळं जागेवर आणि फक्त गुण गायब. हे माणसाचं काम आहे. आणि त्या खोलीत हात कोणाचा चालतो?"

"साहेब, त्यांना विचारून तरी बघू. मी परत फोन लावतो."

"अजिबात नाही! सावध होतील." त्यांनी मॅडमच्या घरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र पाठवलं. मॅडम वाईला असल्यामुळे त्या सावध होण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी मी बूथवरून पुन्हा वाईचा नंबर फिरवला. नुसतीच घंटी वाजत राहिली. त्या दोघी बहिणी गावोगावच्या देव्या करत हिंडत होत्या, हे मागाहून कळलं.

कंपनीच्या माणसाने त्या रिकाम्या डिरेक्टरीत ऑगस्टची टेप, म्हणजे तेव्हा काढून ठेवलेली गुणांची प्रत, उतरवली. ऑगस्टनंतरची टेप नव्हती, कारण टेपांची कोटेशनं मंजुरीला गेली होती. तो सही घेऊन निघून गेला. नेमके त्याच आठवड्यात पुनर्मूल्यांकनाचे गुण यायला लागले. पोरं प्रवेशासाठी खोळंबलेली. साहेबांनी कंत्राटी ऑपरेटर मुलींना बसवलं आणि म्हणाले, जुनं जाऊ दे, नवीन तरी टाकत राहा. रविवारीही त्या आल्या. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोरून येत, गुण चढत, गठ्ठे सील होऊन गोदामात जात. त्यांची म्होरकी रेहाना शिकलगार. तिच्या बोटांना नजर लागावी असा तिचा वेग. साहेबांनी तिच्याकडून आणखी एक गोष्ट टाईप करून घेतली: "सौ. सातभाई" (हे चूक होतं, त्या कुमारी होत्या) "रजेवर जाताना संतप्त मनःस्थितीत होत्या." खाली सही तिचीच.

सोमवारी दुपारी मॅडम वाईच्या एसटीतून उतरून थेट ऑफिसात आल्या. हातात पेढ्यांचा खोका होता.

"काय आहे त्यात?" साहेबांनी विचारलं.

"पेढे आहेत. घ्या ना."

"ठेवा तिथे. चौकशी झाल्यावर बघू."

मग साहेबांनी सगळं सांगितलं. तीन वाजता चौकशी समिती बसणार होती. समाधानकारक खुलासा झाला नाही, तर निलंबनाचा आदेश आजच निघणार होता. मॅडम ऐकताना खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. बोट पांढरं पडलं.

"सगळे गुण गेले?"

"ते तुम्हीच आम्हाला सांगायचं."

"मला आत जाऊ द्या."

"जा. गुळवणी देखरेखीला राहतील."

देखरेख करायची म्हणजे काय बघायचं, हे मला माहीत नव्हतं. मी फॉर्म बनवणारा माणूस. डिस्कबिस्क माझं खातं नव्हतं. मॅडमनी आधी जाळीत अडकलेल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या एकेक करून काढल्या. मग खुर्चीत बसून एक कमांड दिली. पडद्यावर चारपाच ओळी आल्या. त्यांनी त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि कपाळावर हात मारला.

"अरे, जोडलीच नाहीये!"

"काय?"

"डेटाची डिस्क. वेगळी असते ती. सर्व्हर सुरू झाला की ती जोडावी लागते, त्याशिवाय दिसत नाही. लाईट गेल्यावर मी येऊन काय करते रे दर वेळी? हेच करते."

"पण डिरेक्टरी तर होती."

"हे बघ. भिंतीत कोनाडा आहे. त्या कोनाड्यात आपण पत्र्याची पेटी बसवतो. सगळा ऐवज पेटीत. पेटी बाजूला काढून ठेवली तर कोनाडा दिसतो, रिकामा. टायवाल्याने रिकामा कोनाडा बघितला आणि चोरी झाली म्हणून सांगितलं. पेटी इथेच आहे, त्याच्या नाकाखाली."

"म्हणजे गुण आहेत?"

"असायला काय झालंय त्यांना?"

मला एकदम उड्या माराव्याशा वाटल्या. "मग बसवा की पेटी! मी साहेबांना बोलावतो."

"थांब." त्यांनी आणखी एक कमांड दिली आणि तोंड वाकडं केलं. "टायवाल्याने ऑगस्टची टेप कुठे उतरवली?"

"त्या डिरेक्टरीत."

"म्हणजे कोनाड्यात. आणि पोरींनी आठवडाभर टाईप केलं ते कुठे गेलं?"

"तेही कोनाड्यातच," मी म्हणालो.

"मी आत्ता पेटी सरकवली," मॅडम म्हणाल्या, "की ते सगळं पेटीच्या मागे. दिसणार नाही कोणाला."

"पण पुसलं तर जाणार नाही ना? नंतर पेटी काढून घेऊ मागचं."

"गुण परत दिसले की साहेब धावत येतील, नारळ फोडतील आणि या खोलीला कुलूप लावतील. त्यानंतर ते मला पेटी पुन्हा काढू देतील?"

"जन्मात नाही."

"गठ्ठे गोदामात गेलेत. पोरींची कंत्राटं दिवाळीला संपतायत. आठवडाभर काय केलंत म्हणून विचारलं, तर त्या काय दाखवतील? आधी कोनाड्यातलं काढून घेऊ. मग पेटी." आणि त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या.

काम साधं होतं पण वेळखाऊ. नव्या नोंदी तेवढ्या निवडून दुसरीकडे उतरवायच्या, त्या नीट उतरल्यात का ते पडताळायचं, मग डेटाबेस बंद करायचा, डिस्क तपासायची, जोडायची आणि त्या नोंदी पुन्हा आत घालायच्या. पडद्यावर आकडे गोगलगायीसारखे सरकत होते.

दार वाजलं. शिपाई बाबर काचेपलीकडून ओरडला, "साहेब इचारतेत, किती वेळ?"

"चाललंय म्हणावं."

थोड्या वेळाने परत बाबर. "कमिटी बसली मॅडम. च्या पण पिऊन झाला त्यांचा."

"येते म्हणावं."

"मॅडम," मी म्हणालो, "निदान मी जाऊन सांगतो तिकडे, की गुण सापडलेत."

"सांग. आणि दाखवा म्हणाले तर काय दाखवशील? पेटी बसवल्याशिवाय दिसत नाहीत. विश्वास ठेवतील तुझ्यावर?"

तिसऱ्यांदा बाबर आला तो चपला काढून आतच. आवाज खाली. "मॅडम, आर्डर टाईप झाली. सहीला गेली. मी वाचली न्हाई, पर निलंबन येवढा शब्द दिसला."

मॅडमची बोटं थांबली. क्षणभर. मग म्हणाल्या, "बाबर, बाहेर टेबलावर पेढे आहेत. घ्या तुम्ही. बाकीचं कोणी घेईलसं वाटत नाही."

बाबर गेल्यावर मला राहवेना. "मॅडम, रेहानाने तुमच्याविरुद्ध लिहून दिलंय."

"काय लिहिलंय?"

"की जाताना तुम्ही रागात होतात."

"होतेच की," मॅडम म्हणाल्या. "खरं तेच लिहिलंय पोरीने. तो खालचा आकडा जुळतोय का बघ जरा."

आकडा जुळला. मला काहीतरी बोलत राहणं गरजेचं होतं, म्हणून मी विचारलं, "पण ही डिस्क आपोआप का नाही जोडली जात?"

"लाईट अचानक गेली की डिस्कला इजा झालेली असू शकते. आधी तपासायची, मग जोडायची."

"ते तपासायचं मशीन स्वतः नाही का करू शकत?"

त्या पुढची कमांड टाईप करायला लागल्या. माझा प्रश्न ऐकू गेला नसेल असं मी तेव्हा समजलो. खोलीत दुसरा आवाज फक्त एसीचा होता.

शेवटी पेटी बसली, नोंदी आत गेल्या आणि आम्ही समितीपुढे जाऊन उभे राहिलो. अध्यक्ष डॉ. बेंडखळे, वनस्पतिशास्त्राचे. तटस्थ म्हणून त्यांना नेमलं होतं. संगणकाशी त्यांचं भांडण नव्हतं आणि ओळखही नव्हती. आणखी दोघे प्राध्यापक होते, ते घड्याळाकडे बघायचं काम करत होते. हुपरीकर साहेबांपुढे आदेश सही होऊन पडलेला होता.

"सगळे गुण आहेत," मॅडम उभ्यानेच म्हणाल्या. "दसऱ्याआधीचे सगळे. कोणत्याही टर्मिनलवर बघा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. साहेबांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मग त्याला कुणीतरी दरवाज्यातच अडवलं. "म्हणजे परत आणून ठेवलेत?"

"गेलेच नव्हते." आणि त्यांनी कोनाडा आणि पेटी पुन्हा सांगितली.

डॉ. बेंडखळे पुढे झुकून ऐकत होते. "अच्छा. म्हणजे वरचा पाला वाळला, आणि या लोकांनी हळद मेली म्हणून पंचनामा केला. गड्डा जमिनीत शाबूत. असंच ना?"

"असंच, सर."

"मग संपलं की!" एक प्राध्यापक उठायलाच लागले.

"संपलं कसं?" हुपरीकर साहेब म्हणाले. सही केलेला कागद समोर पडलेला असला की माणसाला असं सहज संपवता येत नाही. "पुण्यामुंबईला सर्व्हर बंद करतात, चालू करतात, सगळं आपोआप येतं. इथेच का नाही येत?"

मला हायसं वाटलं. याचं उत्तर तयार होतं. आधी तपासायची, मग जोडायची. नीट, तांत्रिक, निरुत्तर करणारं.

"डिस्कला इजा झालेली असू शकते म्हणून..." मॅडमनी सुरुवात केली आणि थांबल्या. स्वेटरच्या बाहीचा एक धागा ओढला. मग म्हणाल्या, "येऊ शकतं, साहेब. आपोआप येऊ शकतं. मीच येऊ देत नव्हते."

"म्हणजे?"

"एका फाइलीत एक शब्द घालून ठेवलाय मी. आपोआप जोडू नको, असा. तो काढला तर मशीन स्वतः तपासेल, स्वतः जोडेल. माझी गरज नाही."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का पण?" हे डॉ. बेंडखळेंनी विचारलं, आणि चौकशीच्या आवाजात नाही.

"लाईट गेली की सगळ्या इमारतीत माझ्या नावाने हाक ऐकू यायची, सर. एरवी मला कोण हाक मारतं? बढतीच्या वेळी मी कोणाला आठवले नाही. लाईट गेली की सगळ्यांना आठवायचे." त्या थोडं हसल्या. "तो शब्द घातला तेव्हा वाटलं, महिनाभर राहू दे. मग भारनियमन वाढत गेलं आणि मला बरं वाटत गेलं. कोणाला सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. चूक माझी आहे. लिहून घ्या."

कोणी लिहून घेईना. साहेबांनी पेन उघडलं होतं, पण तेही नुसतेच बसून राहिले.

तेवढ्यात दार लोटून रेहाना आत आली. तिला साक्षीसाठी बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं आणि तिचा धीर संपला होता.

"सर, माझा तो कागद परत द्या."

"शिकलगार, तुम्हाला बोलावल्यावर यायचं," साहेब म्हणाले.

"मी आत्ता टर्मिनलवर बघून आले, सर. जुनं सगळं आलंय. आणि आमचं आठवड्याचं पण तिथंच आहे. एक नोंद गेली नाही, मी सगळ्या बघितल्या." तिला धाप लागली होती. "कंपनीचे सर जाताना बोलले होते, पुढे जुनं परत आणलं तर तुमचं जाईल. आम्ही सगळ्या बाहेर रडायच्या बाकी होतो. दोन्ही कसं काय राहिलं?"

डॉ. बेंडखळेंनी मॅडमकडे पाहिलं.

"यांचं आधी काढून ठेवलं," मॅडम म्हणाल्या.

"कधी?"

"आत्ता. दुपारी."

"आम्ही इथे तुमची वाट बघत होतो तेव्हा?"

"हो."

"आधी डिस्क जोडून दाखवली असती तर?"

"लगेच झालं असतं. पण मग यांचं मागे राहिलं असतं."

"आणि इकडे हा आदेश तयार होतोय, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"बाबर सांगून गेले होते."

रेहाना साहेबांच्या टेबलाजवळ गेली, तिथला तिचा कागद स्वतःच उचलला आणि चुरगाळून ओढणीच्या टोकात गच्च धरला. तिला कोणी अडवलं नाही.

डॉ. बेंडखळेंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "हुपरीकर, अहवालात कारण लिहावं लागेल. सर्व्हर बंद कोणी केला होता?"

"खंडेनवमी होती, सर," साहेब म्हणाले.

"तसंच लिहू?"

अहवालात शेवटी "नियमित देखभालीनंतर सर्व्हर पूर्ववत सुरू करताना विलंब झाला" असं आलं. त्या शब्दाबद्दल एक अक्षर आलं नाही. डॉ. बेंडखळे म्हणाले की तो भाग मला समजला नाही आणि जे समजलं नाही ते मी लिहीत नाही. हळदीचा गड्डा ज्याला समजला त्याला हे समजलं नसेल, असं मला वाटत नाही. निलंबनाच्या आदेशावर मात्र जावक क्रमांक पडलेला होता. त्यामुळे तो फाडता येईना. तो रद्द केल्याचा दुसरा आदेश काढावा लागला. मॅडम दुपारच्या चहापासून संध्याकाळच्या चहापर्यंत निलंबित होत्या, असं कागदोपत्री अजूनही आहे.

त्या संध्याकाळी मॅडमनी मला देवघरात बोलावलं आणि खुर्चीकडे बोट केलं. "बस. मी सांगते तसं टाईप कर."

त्यांनी ती फाइल उघडायला लावली. तो शब्द दाखवला. छोटासाच होता.

"तुम्हीच काढा ना, मॅडम."

"नको. मी काढला तर मीच परत घालीन."

मी काढला. मग मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. त्याने स्वतःच डिस्क तपासली, जोडली, डेटाबेस उठला. आम्ही दोघं बघत बसलो. मॅडमनी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाल्या, "गुणी आहे रे. मीच त्याला येडा करून ठेवलं होतं."

दिवाळी झाल्यावर त्या राहिलेली रजा घेऊन परत वाईला गेल्या. रेहानाचं कंत्राट वाढलं होतं. मॅडमच्या टेबलावरचा फोन आता ती उचलायची. तिसऱ्याच दिवशी तो वाजला. तिने ऐकलं आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"गुळवणी, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, मॅडम."

"लाईट गेली होती?"

"काल गेली होती. आज सकाळी पण."

"मग?"

"आली."

"नाही, सर्व्हर..."

"तोही आला. आपोआप."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाईन तुटली. मी हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," मॅडम म्हणाल्या. "कोणी काही विचारत होतं का? माझं?"

मी रेहानाकडे पाहिलं. खोटं बोलायचं असतं तर सोपं होतं. "नाही, मॅडम. कोणी नाही."

"बरं. मग असं कर. माझी रजा अजून चार दिवस वाढवून टाक."

त्या रिसीव्हर ठेवायच्या आत मागून एका बाईचा आवाज आला, घाबरलेला: "काय गं विद्या? बोलावलं का लगेच?"

"नाही गं ताई," मॅडम म्हणाल्या. "नाही बोलावलं. चहा टाक."